उष्ण प्रवाह म्हणजे पाऊस आणि थंड प्रवाह म्हणजे वाळवंट, हे कितपत खरं?

प्रश्न असा आहे: सागरी प्रवाहांचा हवेवर आणि हवामानावर नेमका कसा परिणाम होतो, आणि उष्ण प्रवाहाच्या किनारी पाऊस, थंड प्रवाहाच्या किनारी वाळवंट हा शाळेतला नियम सगळीकडे लागू पडतो का?

नियम निम्मा खरा आहे. प्रवाह स्वतः पाऊस पाडत नाही. वरून जाणाऱ्या हवेला तो उष्णता आणि बाष्प देतो, किंवा तिच्याकडची उष्णता काढून घेतो. ती हवा पुढे कुठे जाणार हे वारा ठरवतो, आणि तिला वर चढता येईल की नाही हे वरच्या थरांतल्या हवेवर अवलंबून असतं. म्हणून कुठल्याही किनाऱ्याबद्दल बोलताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक, त्या ऋतूत वारा समुद्रावरून येतो की जमिनीवरून, आणि पृष्ठभागाखाली कोमट पाण्याचा थर किती जाड आहे. नकाशातला लाल किंवा निळा बाण यांतली एकही गोष्ट पुरती सांगत नाही.

आधी पाण्याला एवढं महत्त्व का, ते पाहू. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एक अंशाने तापते. समुद्राच्या फक्त वरच्या अडीच मीटर थराची उष्णता साठवण्याची क्षमता त्याच्यावरच्या अख्ख्या वातावरणाएवढी असते. त्यामुळे संथ वाहणारं पाणीही प्रचंड उष्णता वाहून नेतं. आकडाच काढून पाहा. समुद्रशास्त्रात प्रवाह स्वेर्ड्रुप या एककात मोजतात. १ स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर पाणी. ॲमेझॉन नदी सुमारे ०.२ स्वेर्ड्रुप पाणी समुद्रात सोडते; फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उष्ण प्रवाहाचं सुमारे ३२ स्वेर्ड्रुप पाणी जातं. अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर वरच्या थरातून सुमारे १७ स्वेर्ड्रुप कोमट पाणी उत्तरेकडे जातं आणि तेवढंच थंड पाणी खोलातून दक्षिणेला परत येतं. दोघांच्या तापमानातला फरक १५ अंश धरला, तर १७० लाख घनमीटर गुणिले १०२५ किलो गुणिले ४००० जूल गुणिले १५, म्हणजे सेकंदाला सुमारे १० चा १५ वा घात एवढे जूल. हा झाला एक पेटावॅट, सगळ्या मानवजातीच्या ऊर्जावापराच्या जवळपास पन्नास पट. प्रत्यक्ष मोजमापातून येणारा आकडाही १.२ पेटावॅटच्या आसपास आहे.

तरीही उष्णता ध्रुवांकडे नेण्याचं सगळं काम समुद्र करतो असं समजू नये. विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यात समुद्राचा वाटा मोठा असतो. उत्तर गोलार्धात ३५ अंशांच्या आसपास मात्र तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता हवाच वाहून नेते. त्या अक्षांशांवर समुद्र आपली उष्णता हवेच्या हवाली करतो आणि पुढचा प्रवास वादळं करतात. हे हस्तांतरण कुठे आणि कसं होतं यावरच सगळं अवलंबून आहे.

प्रवाह तयार कसे होतात, ते थोडक्यात. वारा पाण्याला ओढतो, पण पाणी वाऱ्याच्या दिशेने जात नाही. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याचं फ्राम जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होतं, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो असं त्याच्या लक्षात आलं. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं: पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या दहा ते शंभर मीटर जाडीच्या थरातलं पाणी, सगळं मिळून, वाऱ्याच्या काटकोनात सरकतं, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. त्यामुळे महासागरांच्या मध्यभागी पाणी जमून समुद्राची पातळी उंचावते आणि त्या उंचवट्याभोवती पाणी गोल फिरत राहतं. गल्फ स्ट्रीमच्या दोन काठांमध्ये सुमारे १०० किलोमीटरच्या अंतरात पातळीचा फरक १ मीटरच्या घरात असतो. उताराला गुरुत्वाकर्षणाने गुणून त्या अक्षांशाच्या कोरिऑलिस गुणांकाने (परिवलनाचा तिथला प्रभाव सांगणारा आकडा) भागलं, म्हणजे ९.८ गुणिले ०.००००१ भागिले ०.००००८४, की वेग निघतो सेकंदाला १.२ मीटर. उपग्रहांवरचे उंचीमापक १९९२ पासून जवळपास याच पद्धतीने प्रवाह मोजत आहेत. महासागरांच्या पश्चिम कडेचे प्रवाह अरुंद आणि वेगवान का, हे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ स्टॉमेलने १९४८ मध्ये दाखवलं: कोरिऑलिसचा प्रभाव अक्षांशानुसार बदलतो म्हणून. गल्फ स्ट्रीम, जपानजवळचा कुरोशिओ आणि दक्षिण आफ्रिकेजवळचा अगुल्हास हे तिन्ही याच जातीचे.

आता थंड किनारा. पेरूची राजधानी लिमा आणि ब्राझीलमधलं साल्वादोर ही दोन्ही शहरं समुद्रकाठी, १२ ते १३ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत. साल्वादोरचं सरासरी तापमान २५ अंशांच्या वर आणि पाऊस वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर. लिमाचं सरासरी तापमान १९-२० अंश आणि पाऊस नावापुरता, तरीही हवा जवळपास वर्षभर दमट. कोरडेपणा हवेत बाष्प नसल्यामुळे नाही, हे इथेच स्पष्ट होतं.

घडतं ते असं. पेरूच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वारा वाहतो. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर खेचलं जातं. रिकाम्या झालेल्या जागी ५० ते २०० मीटर खोलीवरचं थंड पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात, आणि त्या किनाऱ्याला थंड ठेवण्यात दक्षिणेकडून वाहत येणाऱ्या पाण्याइतकाच, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त, याचा हात असतो. पाठ्यपुस्तकं फक्त ध्रुवाकडून आलेलं थंड पाणी सांगतात. किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यातलं पाणी खुल्या समुद्रापेक्षा कित्येक अंशांनी थंड का, हे मात्र त्यातून उलगडत नाही.

थंड पाण्याला टेकलेला हवेचा थर थंड आणि जड होतो. त्याच वेळी या अक्षांशांवर वरून हवा खाली उतरत असते, आणि उतरताना दाबली जाऊन तापते. परिणामी खाली थंड आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना तयार होते. ६०० ते १००० मीटरच्या आसपास जणू झाकण बसतं. बाष्प त्या झाकणाखाली अडकतं. पातळ, सपाट ढग आणि धुकं तयार होतं, पण ढगांची उंची वाढत नाही, थेंब मोठे होत नाहीत. चिलीच्या आरिका शहरात वर्षाच्या पावसाची सरासरी १ मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. त्याच देशात डोंगरांवर जाळ्या उभारून धुक्यातून पाणी मिळवतात. चांगल्या जागी दर चौरस मीटर जाळीमागे दिवसाला काही लिटर मिळतं. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं नामिबचं वाळवंट आणि तिथला थंड बेंग्वेला प्रवाह ही याच रचनेची दुसरी जोडी.

पण या वाळवंटांचं मूळ कारण थंड प्रवाह आहे का? याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळतं. तिथला लीउविन प्रवाह उष्ण आहे. पॅसिफिकचं कोमट पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात येतं आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतं. हे पाणी इतकं उबदार की २९ अंश दक्षिणेला, आब्रोल्होस बेटांपाशी, प्रवाळ वाढतात; चिली किंवा दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या अक्षांशाला असं दिसणं अशक्य. तरीही त्या किनाऱ्याचा मोठा भाग कोरडाच आहे. कोरडेपणा आणते ती वरून उतरणारी हवा. थंड पाणी तो टोकाला नेतं आणि त्याला धुक्याची जोड देतं. माझ्या मते हा विषय शिकवताना चिलीच्या आटाकामा वाळवंटाच्या शेजारी लीउविनचा नकाशा ठेवलाच पाहिजे, नाहीतर विद्यार्थी कारण आणि सोबत यांतला फरक कधीच ओळखणार नाही.

उष्ण प्रवाहाची बाजू जपानमध्ये सगळ्यांत स्वच्छ दिसते. त्सुशिमा प्रवाह कोरिया आणि जपान यांच्यामधून जपानच्या समुद्रात उष्ण पाणी आणतो. हिवाळ्यात सैबेरियाकडून अतिशय थंड, कोरडी हवा या पाण्यावर येते. पाण्याचं तापमान शून्याच्या बरंच वर, हवा शून्याच्या बरीच खाली. एवढ्या फरकामुळे पाण्यातून उष्णता आणि बाष्प झपाट्याने हवेत जातं. उपग्रहचित्रात आशियाच्या किनाऱ्याला लागून आधी निरभ्र पट्टा दिसतो, कारण हवेला पुरेसं बाष्प घ्यायला तेवढं अंतर लागतं. मग वाऱ्याच्या दिशेने समांतर ढगांच्या ओळी सुरू होतात आणि जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाड होत जातात. होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम उतारांवर कित्येक मीटर बर्फ साचतो. डोंगराच्या पलीकडे टोकियोत मात्र तेव्हा कोरडी, उन्हाची हवा असते, आणि टोकियोच्या दक्षिणेकडून तर त्सुशिमापेक्षा कितीतरी मोठा कुरोशिओ हा उष्ण प्रवाह जातो. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, तर दारातल्या उष्ण प्रवाहाचा किनाऱ्याला पावसासाठी उपयोग नाही.

ती उष्णता वाया मात्र जात नाही. कुरोशिओ आणि गल्फ स्ट्रीमवरून हिवाळी थंड हवा जाते तेव्हा समुद्र दर चौरस मीटरला १००० वॅटपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उष्णता सोडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप हॅटरसजवळ, जिथे थंड किनारी पाणी आणि गल्फ स्ट्रीम शेजारी शेजारी असतात, तिथे या उष्णतेवर हिवाळी वादळं एका दिवसात उग्र होतात. समुद्राच्या तापमानातली ही तीव्र सीमारेषा अचूक न भरल्यास अंदाजाच्या प्रारूपात वादळाची जागा आणि जोर दोन्ही चुकतात.

यातूनच युरोपचा प्रश्न येतो. स्कॉटलंडमधलं ग्लासगो आणि कॅनडाच्या लॅब्राडोरमधलं नेन ही दोन्ही ठिकाणं ५६ अंश उत्तरेच्या आसपास आहेत. जानेवारीत ग्लासगोचं सरासरी तापमान ४ अंश, नेनचं उणे १७-१८. हा सगळा फरक गल्फ स्ट्रीममुळे, असं सर्रास सांगितलं जातं. पण पॅसिफिककडे पाहा. ४९ अंश उत्तरेवरच्या व्हँकुव्हरचा जानेवारीही ४ अंशांच्या आसपास असतो, आणि समोरच्या आशियाई किनाऱ्यावर, त्याहून दक्षिणेला असलेल्या व्लादिवोस्तोकचा उणे १२ च्या घरात. व्हँकुव्हरजवळ गल्फ स्ट्रीमसारखा प्रवाह नाही. मध्य अक्षांशांत वारे पश्चिमेकडून येतात. खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली ऊब आणतात, पूर्व किनाऱ्यावर गोठलेल्या जमिनीची थंडी. अटलांटिकच्या बाबतीत रॉकी पर्वतामुळे वाऱ्यांना पडणारं वळणही त्यात भर घालतं. प्रवाहाचा खास वाटा दिसतो तो आणखी उत्तरेला: नॉर्वेचा किनारा आणि ६९ अंश उत्तरेवरचं मुरमान्स्क बंदर हिवाळ्यात बर्फमुक्त राहतं, ते वाहत आलेल्या कोमट पाण्यामुळेच.

न्यूफाउंडलंडजवळ गल्फ स्ट्रीमवरची दमट हवा लॅब्राडोर प्रवाहाच्या थंड पाण्यावर सरकते आणि दाट धुकं पडतं. त्याच थंड प्रवाहाबरोबर हिमनगही दक्षिणेला येतात. १९१२ च्या टायटॅनिक अपघातानंतर त्यांच्यावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली.

हिंदी महासागराचं वेगळेपण हे की तिथे प्रवाहच ऋतूनुसार दिशा बदलतात. सोमाली प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उत्तरेकडे, सेकंदाला २ मीटरहून जास्त वेगाने धावतो, आणि हिवाळ्यात उलटा फिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे जो वारा अरबी समुद्राचा पश्चिम भाग थंड करतो, तोच दक्षिणेकडून बाष्प आणून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मुसळधार पाऊस पाडतो. वार्षिक सरासरीचा नकाशा इथे निरुपयोगी आहे.

वर्षागणिक हवामान बदलण्यात सगळ्यांत मोठा हात विषुववृत्तीय पॅसिफिकचा. एरवी व्यापारी वारे वरचं उबदार पाणी पश्चिमेला ढकलतात. इंडोनेशियाकडे समुद्राची पातळी पेरूपेक्षा जवळपास अर्धा मीटर उंच असते. तिकडे पृष्ठभागाचं पाणी २८-२९ अंशांचं असतं, कोमट पाण्याचा थर दीडशे मीटर किंवा अधिक खोलवर जातो आणि पूर्वेला थंड पाणी अगदी पृष्ठभागाजवळ असतं. पश्चिमेला ढग वर चढतात, पूर्वेला हवा खाली उतरते आणि या फरकामुळे वारे टिकून राहतात. हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेसने १९६९ मध्ये दाखवलं ते हेच: वारा समुद्राला घडवतो आणि समुद्र वाऱ्याला. आता पश्चिमेला काही आठवडे उलटा वारा सुटला, की कोमट पाण्याची एक लाट पृष्ठभागाखालून पूर्वेला निघते. केल्विन लाट म्हणतात ती हीच. वेग सेकंदाला २ ते ३ मीटर, पॅसिफिक ओलांडायला साधारण दोन महिने. ती पोहोचली की पेरूच्या किनाऱ्यावर अपवेलिंग चालूच असतं, पण वर येणारं पाणी आता उबदार असतं. पूर्व-पश्चिम फरक कमी होतो, वारे आणखी मंदावतात आणि एल निनो, म्हणजे पूर्व पॅसिफिक तापण्याची ही स्थिती, जोर धरतो. १९९७-९८ मध्ये पेरूच्या उत्तरेला सेचुराच्या वाळवंटात पुराचं पाणी साचून मोठं सरोवर तयार झालं.

अंदाज चुकतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. मार्च ते मे या काळात पूर्व-पश्चिम फरक मुळातच कमी असतो, त्यामुळे छोटा धक्काही पुढची दिशा बदलू शकतो. या महिन्यांत केलेल्या भाकितावर फार विसंबू नये. दुसरं, एल निनोचा जोर आणि एखाद्या प्रदेशातली तूट यांचं साधं गुणोत्तर नसतं. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, पण भारतात मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्याहून बराच सौम्य, तरी तूट १९ टक्क्यांची. १९९७ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार आणि इंडोनेशियातल्या सुमात्राकडचा भाग थंड होता. अशा द्विध्रुवी स्थितीने पॅसिफिकचा परिणाम बराच भरून काढला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

चक्रीवादळांत प्रश्न खोलीचा असतो. पृष्ठभागाचं तापमान २६.५ अंशांच्या वर हवं हे सगळे सांगतात, पण वादळ स्वतः पाणी ढवळतं आणि खालचं थंड पाणी वर आणून आपलाच इंधनपुरवठा तोडतं. कोमट थर पातळ असेल आणि वादळ रेंगाळलं, तर ते लवकर ओसरतं. मेक्सिकोच्या आखातात उन्हाळ्याच्या अखेरीस पृष्ठभाग सगळीकडे जवळपास ३० अंशांचा असतो, नकाशावर फरकच दिसत नाही. पण आखातात वळसा घेणारा उष्ण लूप प्रवाह आणि त्यातून सुटलेल्या भोवऱ्यांत २६ अंशांचं पाणी १०० मीटर किंवा त्याहून खोल जातं, आजूबाजूला त्याच्या निम्म्यापर्यंतच. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ या खोल कोमट पाण्यावरून गेलं आणि २८ ऑगस्टला त्यातल्या वाऱ्यांचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत चढला.

गल्फ स्ट्रीम थांबणार का, हे हमखास विचारलं जातं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गल्फ स्ट्रीम मुख्यतः वाऱ्यावर चालतो. वारे वाहताहेत आणि पृथ्वी फिरते आहे तोवर तो राहणार. काळजी आहे ती सुरुवातीला हिशेब केलेल्या त्या १७ स्वेर्ड्रुपच्या उलथापालथीची. ग्रीनलंडजवळ खारट पाणी थंड होऊन बुडतं म्हणून ती चालते. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मिसळलं की पाण्याची घनता कमी होते आणि बुडणं मंदावतं. २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर तिचं सलग मोजमाप होतं, आणि पहिल्याच वर्षी आकडा ४ ते ३५ स्वेर्ड्रुपमध्ये हेलकावत होता. म्हणून एखाद्या मोसमाच्या आकड्यावरून ती मंदावली असं म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ती मंदावण्याची शक्यता खूप जास्त आहे. २१०० पूर्वी ती अचानक कोसळणार नाही, याबद्दल मात्र अहवालाने मध्यमच विश्वास दाखवला आहे.

एखाद्या किनाऱ्याबद्दल स्वतः पडताळायचं असेल तर आधी महिना ठरवा, मग त्या महिन्याचा वारा पाहा आणि वारा ज्या दिशेने येतो तिकडचंच पाणी तपासा. तापमान त्याच अक्षांशाच्या इतर समुद्राशी ताडून पाहा. उपग्रहाचं अवरक्त मोजमाप ढगांतून दिसत नाही आणि फक्त पाण्याची त्वचा मोजतं. वारा पडलेल्या दुपारी ते खालच्या पाण्यापेक्षा अंश-दोन अंश जास्त दाखवू शकतं, म्हणून रात्रीची नोंद घ्यावी. सूक्ष्मलहरींचं मोजमाप ढगांतून होतं, पण ते ढोबळ असतं आणि किनाऱ्याला लागून चालत नाही. खोलीसाठी आर्गो तरंगक पाहा: सुमारे चार हजार तरंगक जगभर फिरत असतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपासून वर येत तापमान आणि क्षारता नोंदवतात. उथळ किनारी समुद्रात मात्र ते नसतात.

आणि फक्त सरासरीपासूनच्या फरकाचा रंगीत नकाशा पाहून निष्कर्ष काढू नका. २० अंशांचं पाणी २१ झालं, तर बाष्पाचा संपृक्त दाब (हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावेल याचं माप) सुमारे दीड हेक्टोपास्कलने वाढतो. २८ चं २९ झालं, तर सव्वादोनने. शिवाय उष्ण कटिबंधात उंच ढग उभे राहायला पाणी साधारण २७-२८ अंशांच्या वर लागतं. थंड पट्ट्यातला गडद लाल डाग पावसाच्या दृष्टीने बऱ्याचदा काहीच करत नाही, आणि आधीच तापलेल्या समुद्रातला फिकट गुलाबी डाग ढगांचा अख्खा पट्टा हजारो किलोमीटर सरकवू शकतो.